वीरगळाचा खालचा पट

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे तुकाराम ओंबळे यांचं गाव. २६/११ च्या मुंबई हल्ल्यात अजमल कसाबला जिवंत पकडताना मारले गेलेले पोलीस ते हेच. तिथल्या त्यांच्या स्मारकासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. पोलिसाच्या स्मारकाचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेला वाद होतो. एक बाजू म्हणते, शूराचा पुतळा हवाच, पुढच्या पिढीला प्रेरणा कुठून मिळणार? दुसरी म्हणते, पुतळे पुरे झाले, त्याच पैशांत हयात पोलिसांना बुलेटप्रूफ जॅकेटं घ्या. पहिल्या बाजूला दुसरी कोडगी वाटते आणि दुसरीला पहिली भाबडी. दोघींच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र येत नाही: तो माणूस नेमका कसा गेला? समोर काय होतं, हातात काय होतं, कोणाला काय कळलं होतं, कुठे काय कमी पडलं? कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसाचं स्मरण या तपशिलापासून सुरू झालं पाहिजे. तो नसेल तर पुतळा मुका राहतो, आणि जॅकेटांची खरेदीही आंधळी होते.

ही कल्पना बाहेरून आणण्याची गरज नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावी, देवळाच्या आवारात किंवा पाराशेजारी वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळा, उभे आहेत. त्यांची मांडणी साधारण ठरलेली असते. सर्वांत वर कलश आणि चंद्रसूर्य, त्याखाली शिवलिंगाची पूजा करणारा वीर, मधल्या पटात त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि तळाशी लढाई. गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना मेला असेल तर तळच्या पटात गुरं कोरलेली असतात. घोडेस्वाराशी लढला असेल तर घोडा असतो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर चक्क वल्ही मारणाऱ्यांच्या रांगांसह युद्धनौका आहेत. ज्या पाथरवटाला अप्सरा कोरता येत होत्या, त्याला तळाचा पट गाळता आला नसता का? त्याने तो गाळला नाही, कारण स्वर्गाची पायरी तिथून सुरू होते. आपली आजची स्मारकं फक्त वरच्या पटांची आहेत. चबुतरा, हार, सलामी आणि ‘अमर रहे’. गुरं कुठली, घोडा कोणाचा, हत्यार काय, हे दगडावरून पुसून गेलं आहे.

ओंबळे यांच्या वीरगळाचा खालचा पट कसा दिसला असता? २६ नोव्हेंबर २००८ ची मध्यरात्र उलटून गेली आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि कामा रुग्णालयानंतर अजमल कसाब आणि इस्माईल खान यांनी रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांच्या क्वालिसवर गोळीबार करून तीच गाडी पळवली आहे. पुढे टायर बसल्यावर त्यांनी एक स्कोडा हिसकावली. त्या गाडीची खबर वायरलेसवरून गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीला मिळाली, आणि इथेच त्या रात्रीचा सर्वांत मोठा फरक पडला: रंगभवनच्या गल्लीत पोलीस बेसावध सापडले, चौपाटीवर ते वाट पाहत होते. स्कोडा बॅरिकेडच्या अलीकडे थांबली. चालवणाऱ्याने हेडलाइट पूर्ण प्रखर केले, काचेवर पाणी सोडून वायपर सुरू केले. आतलं काही दिसू नये हा हेतू उघड होता. दिवे बंद करा, आतला दिवा लावा, असं पोलीस ओरडून सांगत होते. गाडीने वळून पळायचा प्रयत्न केला आणि ती दुभाजकावर अडकली. गोळीबार सुरू झाला, पोलिसांच्या गोळ्यांनी इस्माईल पडला. डाव्या बाजूने कसाब बाहेर आला आणि त्याने एके-४७ पुढे केली. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक फौजदार ओंबळे यांच्या हातात काठी होती. त्यांनी रायफलची नळी धरली आणि सोडली नाही. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या. सहायक निरीक्षक संजय गोविलकर यांनाही गोळी लागली. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी कसाबला काठ्यांनी झोडपून पाडलं आणि जिवंत धरलं.

आता या पटातली हत्यारं जवळून पाहावीत. एके-४७ ची मॅगझिन साधारणतः तीस गोळ्यांची असते आणि स्वयंचलित स्थितीत ती मिनिटाला सहाशेच्या वेगाने गोळ्या फेकते. म्हणजे पूर्ण मॅगझिन रिकामी व्हायला तीन सेकंद लागतात. त्या काळात अनेक पोलिसांच्या खांद्यावर पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफल होती. तिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे ओढून पुढे ढकलावा लागतो. तीन सेकंदांत सरावलेला माणूसही तिच्यातून दोनच गोळ्या झाडील, आणि सराव नसेल तर एक. नळी धरून ठेवणाऱ्या हातांनी ते तीन सेकंद मागच्या सहकाऱ्यांवरून स्वतःच्या अंगावर ओढून घेतले. हा हिशेब मांडल्याशिवाय ओंबळे यांना मरणोत्तर मिळालेल्या अशोकचक्राचं मोल कळत नाही. पुतळा शौर्य दाखवतो, पण त्या शौर्याची किंमत या गणितात आहे.

शिवाय नाकाबंदी हे एक शास्त्र आहे, आणि चौपाटीचा प्रसंग त्याचा पहिला धडा ठरायला हवा. चाकांवरचं लोखंडी बॅरिकेड गाडी अडवत नाही, ते फक्त तिचा वेग मोडतं, आणि तेही एकापुढे एक तिरपी लावून गाडीला नागमोडी वळायला लावलं तरच. ठिकाण असं निवडावं लागतं की आलेल्या गाडीला मागे वळता येऊ नये. चौपाटीवर दुभाजकाने ते काम केलं. तपासणारा आणि हत्यार घेऊन त्याला आड देणारा, म्हणजे त्याचं रक्षण करणारा, ही दोन वेगळी माणसं हवीत. आड देणाऱ्याने गाडीच्या दिव्यांच्या झोतात उभं राहायचं नसतं, बाजूला, वाळूच्या गोण्यांमागे किंवा इंजिनाइतक्या जाड आडोशामागे थांबायचं असतं. गाडीच्या दारामागे आडोसा घेणं रायफलीसमोर निरुपयोगी आहे, कारण दाराचा पत्रा गोळी अडवत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना पोलीस समोरासमोर उभे राहिले तर एकमेकांच्याच गोळीच्या रेषेत येतात, म्हणून मांडणी काटकोनाची लागते. संशयिताने हात वर केले तरी जवळ जायचं नाही. आधी इंजिन बंद, किल्ली बाहेर, दोन्ही तळवे खिडकीबाहेर, मग एकेकाने उतरायचं. रोज रात्री शेकडो गाड्या तपासणाऱ्या हवालदाराला हे प्रत्येक वेळी पाळणं शक्य नसतं, म्हणून वायरलेसवरची खबर इतकी मोलाची. कोणत्या गाडीसाठी हे सगळं करायचं, हे ती सांगते.

यातलं आपण काय जपतो? दर वर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. मुंबईत नायगावच्या मैदानावर शोकशस्त्र होतं आणि १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षात देशात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचली जातात. नावं वाचणं ही मोठी गोष्ट आहे, ती कोणी कमी लेखू नये. पण हा दिवस मुळात ज्या घटनेवरून आला, ती आपल्याला नावांनी नव्हे, तपशिलाने माहीत आहे. २१ ऑक्टोबर १९५९, लडाखमधलं हॉट स्प्रिंग्ज, बेपत्ता झालेल्या सहकाऱ्यांना शोधायला निघालेली करमसिंग यांची पोलीस तुकडी, उंचावरून चिनी सैनिकांचा मारा, दहा जवानांचा मृत्यू, आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ उलटल्यावर परत मिळालेले मृतदेह. उंची, संख्याबळ, वेळ, सगळं त्यात आहे. म्हणूनच ती घटना टिकली आणि त्या सीमेवर पोलिसांना एकटं ठेवता येणार नाही हा धोरणात्मक निष्कर्षही तिच्यातून निघाला. मग आज नायगावला वाचल्या जाणाऱ्या नावांपैकी किती जणांच्या मृत्यूचं असं वर्णन कुठल्याही सामान्य नागरिकाला वाचता येतं? २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला ओंबळे यांचं नाव देण्यात आलं, इसियस तुकारामी. शास्त्रज्ञांनी त्या कोळ्याचं ठिकाण, रंग, पायांची लांबी असं सगळं नोंदवलं, कारण वर्णन नसेल तर त्या शास्त्रात नाव ग्राह्यच धरत नाहीत. तोच नियम आपण माणसांनाही लावावा, एवढीच मागणी आहे.

याविरुद्ध बोलणाऱ्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. सर्वांत वजनदार मुद्दा गुप्ततेचा. बंदोबस्त कसा लागतो, कुठे कमतरता आहे, हे छापलं तर पुढचा हल्लेखोर ते वाचणार नाही का? २६/११ लाच याचा पुरावा मिळाला. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार भारतीय वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण पाहून हॉटेलांतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. हा धोका पूर्ण मान्य. पण तो चालू कारवाईचा धोका आहे. कारवाई संपून, खटला चालून, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कसाबला येरवड्यात फाशी होऊन गेल्यावर त्या रात्रीच्या नाकाबंदीत कोणतं गुपित उरतं? स्कोडाच्या वायपरपासून ओंबळे यांच्या काठीपर्यंत बहुतेक गोष्टी न्यायालयाच्या निकालपत्रांत आहेतच. शत्रूला निकालपत्र वाचता येतं. ते वाचायला सवड आणि मार्गदर्शन मिळत नाही ते प्रशिक्षण केंद्रात नव्याने भरती झालेल्या शिपायाला. आजच्या तैनातीची माहिती झाकावी, काही नोंदी ठरावीक वर्षांनीच खुल्या कराव्यात. ‘आत्ता नको’ हे म्हणणं रास्त आहे. त्याचं आपल्याकडे नेहमी ‘कधीच नको’ होतं, त्याला हरकत आहे.

दुसरा मुद्दा घरच्यांचा. ज्यांचा माणूस गेला, त्यांच्यापुढे त्याच्या शेवटच्या मिनिटांची चिरफाड कशाला? हा आक्षेप माणुसकीचा आहे आणि त्याची मर्यादा पाळलीच पाहिजे. शवविच्छेदनाची छायाचित्रं आणि जखमांची वर्णनं चव्हाट्यावर येता कामा नयेत. पण उत्तरं मागायला पुढे कोण आलं, ते पाहा. करकरे यांनी घातलेलं बुलेटप्रूफ जॅकेट कुठे आहे, हा प्रश्न त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारला, आणि ते सापडत नाही हे त्यामुळे उघड झालं. नियंत्रण कक्षाच्या त्या रात्रीच्या नोंदी मिळवण्यासाठी अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे झगडल्या, कारण मदत कधी मागितली गेली आणि कोणाला काय कळवलं गेलं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. या दोघींना हार-तुरे मिळत होतेच. त्यांना खालचा पट हवा होता, आणि तो त्यांना अर्ज करून करून तुकड्यातुकड्यांनी मिळवावा लागला. घरच्यांच्या भावना पुढे करून तपशील झाकणाऱ्यांनी या अर्जांची आठवण ठेवावी.

आणि तपशील झाकला की ती जागा रिकामी राहत नाही. २०१९ च्या निवडणुकीत एका उमेदवाराने करकरे आपल्या शापाने गेले, असं म्हटलं. २०२४ च्या निवडणुकीत दुसऱ्या बाजूच्या एका नेत्याने त्यांना लागलेली गोळी अतिरेक्यांची नव्हतीच, असा दावा केला. करकरे यांच्या हत्येबद्दल कसाबचा दोष विशेष न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झालेला असताना एका अधिकाऱ्याचा मृत्यू दोन्ही बाजूंच्या हाती हत्यार झाला. हे का शक्य झालं? जॅकेट हरवलं, नोंदी दडल्या, २६/११ च्या चौकशीसाठी राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीचा अहवाल २००९ मध्ये आधी सरकारने काय पावलं उचलली ते सांगणाऱ्या कृती-अहवालाआड राहिला आणि कित्येक महिन्यांनी विधिमंडळापुढे आला. लोकांना वाटलं, काहीतरी लपवलं जातंय. अफवेला सुपीक जमीन अशी तयार होते.

तिसरा आक्षेप पोलीस दलाच्या आतून येतो आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्या रात्री अंधारात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, अर्ध्या माहितीवर घेतलेल्या निर्णयांना दिवसाउजेडी खुर्चीत बसून चुका ठरवणं सोपं आहे. अशाने उद्या कोणी पुढे जाणार नाही. खरं आहे. तपशिलाचा उपयोग दोषारोपासाठी झाला तर दल आक्रसून जाईल. पण चूक शोधणं आणि कारण शोधणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याच देशात एका क्षेत्राने हा भेद कायद्यात लिहून ठेवला आहे. विमान अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, कोणाच्या माथी दोष मारणं हा नाही, असं भारतीय नियमांत स्पष्ट म्हटलेलं आहे, आणि ते अहवाल प्रसिद्ध होतात. अमेरिकेत एफबीआय हल्ल्यात मारल्या गेलेल्या पोलिसांच्या प्रसंगांची संक्षिप्त वर्णनं वर्षानुवर्षं प्रसिद्ध करत आली आहे: वेळ, अंतर, हत्यार, जॅकेट होतं की नव्हतं. तिथे त्यामुळे पोलीस पुढे जायचे थांबले का? उलट ती वर्णनं प्रशिक्षणात वाचली जातात. प्रधान समितीनेही दारूगोळ्याचा तुटवडा आणि गोळीबाराच्या सरावाची आबाळ नोंदवली होती. यात कोणा एका हवालदाराचा दोष कुठे आहे? ज्याला चांदमारीवर पुरेशा गोळ्याच मिळाल्या नाहीत, त्याच्या हातातली रायफल ही त्याची चूक नव्हे. हे लोकांना कळलं तर त्याचा मान वाढेल.

आता जॅकेटवाल्यांकडे वळू. त्यांची मागणी योग्य आहे, पण ‘जॅकेट’ हा शब्द उच्चारला की प्रश्न सुटला, असं त्यांना वाटतं. अॅरामिड धाग्यांचं मऊ जॅकेट पिस्तुलाची नऊ मिलिमीटरची गोळी अडवतं. एके-४७ ची गोळी त्यातून आरपार जाते. तिच्यासाठी पुढे-मागे सिरॅमिक, पोलाद किंवा पॉलिएथिलीनच्या कठीण पाट्या लागतात आणि वजन काही किलोंनी वाढतं. सिरॅमिकची पाटी जमिनीवर आपटली तर आतून तडकते आणि बाहेरून ते दिसत नाही. अॅरामिड ओलाव्याने आणि उन्हाने कमजोर होतो. मुंबईच्या पावसाळ्यात कोठारात घडी घालून ठेवलेलं जॅकेट मुदतीआधीच निकामी होऊ शकतं. शिवाय पाटी छाती झाकते. मान, खांदा, काख उघडी राहते. जॅकेटांसाठीचं भारतीय मानक, आयएस १७०५१, आलं २०१८ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर दहा वर्षांनी. करकरे यांचं जॅकेट जपून ठेवलं असतं, तपासलं असतं, गोळी कुठून आत गेली आणि जॅकेट कुठे संपत होतं हे छापलं असतं, तर हे मानक इतकं रेंगाळलं असतं का? हरवलेलं ते जॅकेट पुढच्या हजारो जॅकेटांसाठीचा पुरावा होतं.

आणि मुंबईबाहेर काय? १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती पथकाचे १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली होती आणि पथक खासगी वाहनातून निघालं होतं. नक्षलग्रस्त भागात काम केलेल्या कोणालाही विचारा, तो तीन गोष्टी सांगेल: जाळपोळ हे बऱ्याचदा पोलिसांना रस्त्यावर आणण्याचं आमिष असतं, पायी तुकडीने मोऱ्या आणि पूल तपासून रस्ता मोकळा केल्याशिवाय वाहन न्यायचं नाही, आणि सगळ्यांनी एका गाडीत बसायचं नाही. हे नियम त्या आधीच्या मृत्यूंनी लिहिले होते. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथे गडचिरोलीने जवळपास पन्नास पोलीस गमावले. तरीही २०१९ मध्ये तेच का घडलं? तातडी, दबाव, वाहनांची टंचाई, थकवा, यातलं नेमकं काय? १ मे ला आपण झेंडा लावतो, त्या पंधरा जणांचा खालचा पट मात्र कुठल्याही पाठात नाही. मुंबईच्या शूरांचे निदान पुतळे आहेत.

शौर्य पुरेसं आहे, मुलांना तपशील नको, असं अजूनही कोणी म्हणेल. पण कोणत्या मुलाला? पन्हाळ्याहून विशाळगडाकडची रात्र, पाऊस, खिंडीची अरुंद वाट आणि तोफांच्या आवाजाची वाट पाहणारे बाजीप्रभू, हे सगळं मराठी मुलाला पाठ असतं. ‘बाजीप्रभू शूर होते’ एवढंच शिकवलं असतं तर घोडखिंडीची पावनखिंड कशी झाली, हे कोणाला समजलं असतं?

म्हणून केडंब्याचं स्मारक व्हावं, आणि त्याचे पैसे जॅकेटांकडे वळवण्याची गरज नाही. पुतळा असावा, पण त्याच्या पायाशी जागा सोडावी. तिथे चौपाटीचा रस्ता प्रमाणात कोरावा: दुभाजक, बॅरिकेड, स्कोडा, कोण कुठे उभं होतं. एक काठी आणि एके-४७ ची प्रतिकृती शेजारी शेजारी, खऱ्या लांबीत, आणि तीन सेकंदांचा हिशेब मराठीत लिहिलेला. त्या रात्री गाडीची खबर नियंत्रण कक्षापासून चौपाटीपर्यंत कशी पोचली, त्याची नोंद. लष्कराच्या सिग्नल विभागात नोकरी करून पोलिसात आलेल्या माणसाच्या स्मारकात वायरलेसची ती नोंद असणं तर फारच योग्य. शेजारी एका भिंतीवर जांभुळखेडा, लाहेरी, हत्तीगोटा, मरकेगाव आणि रंगभवनची गल्ली, प्रत्येकाचा नकाशा आणि एकेका पानाचं वर्णन. साताऱ्याहून, पुण्याहून, नागपूरहून नव्या शिपायांच्या तुकड्या तिथे न्याव्यात, आणि त्या नकाशासमोर उभं करून पहिला प्रश्न विचारावा: इथे तुम्ही कुठे उभे राहिला असता?